तुम्ही विचारलंत म्हणून: अजून त्या सोरोरिटीच्या मुलींच्या बातम्या कशाला?

पुण्याला गेले की मावशी विचारते, इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत काकू विचारतात, की कॉलेज संपून इतकी वर्षं झाली, लग्न झालं, मुलं झाली, तरी तू अजून त्या सोरोरिटीच्या मुलींच्या बातम्या गोळा करत बसतेस ते कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

सोरोरिटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजात ग्रीक अक्षरांच्या नावाची मुलींची संघटना. सिनेमात तिच्या फक्त पार्ट्या दिसतात. पण कप्पा अल्फा थीटा सुरू झाली 1870 साली, इंडियानात, तेव्हा कॉलेजात मुली बोटावर मोजण्याइतक्या आणि मुलांना त्या तिथे नकोच होत्या, म्हणून त्यांच्यातल्या चौघी एकत्र आल्या. हॉवर्ड युनिव्हर्सिटीत कृष्णवर्णीय मुलींनी 1908 मध्ये अल्फा कप्पा अल्फा काढली, कमला हॅरिस त्यातल्याच. आणि आपल्या देशी मुलींनी 1998 मध्ये टेक्सासात दोन काढल्या, ऑस्टिनला कप्पा फाय गामा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा. माझी पण अशीच देशी मुलींची, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे बाकीच्यांच्या घरच्या गोष्टी येणारेत.

तर कॉलेज सुटलं की तुम्ही अ‍ॅल्युम्ना, म्हणजे माजी सदस्य, आणि एकमेकींची खबर ठेवायची ही रीत इथे फार जुनी आहे, कप्पा कप्पा गामाचं मासिक तर 1882 मध्ये सुरू झालं. आमचं मासिक वगैरे काही नाही, दर तीन महिन्यांनी एक ईमेल जातो, तो मी लिहिते.

आता होतं काय, आपणहून येणाऱ्या बातम्या सगळ्या गोड असतात. लग्न, बाळ, नवीन घर, प्रमोशन. त्या लिहायला मला मनापासून आवडतं, पण जिचं वर्ष वाईट गेलंय ती लिहीतच नाही, आणि बाकीच्यांचं सगळं छान चाललेलं वाचून अजूनच गप्प होते. म्हणून "माझं काही अपडेट नाही गं" असा रिप्लाय आला की मी फोन लावते, कारण असं म्हणणारीकडे बहुतेक वेळा सांगण्यासारखं खूप साचलेलं असतं.

माझी लिटल, म्हणजे सोरोरिटीत मी जिची बिग, सांभाळून घेणारी सिनिअर, होते ती माझी ज्युनिअर, कितीतरी दिवस असंच म्हणायची. फोनवर एकदा बोलायला लागली ती थांबेचना, घटस्फोट झालेला, लेकाला घेऊन न्यू जर्सीत एडिसनला आईबाबांकडे राहायला आलेली, नर्सिंगचा कोर्स सुरू केलेला. मी म्हटलं, यातलं काय लिहू? ती म्हणाली, सगळंच लिही ताई, आता लपवायचा कंटाळा आलाय. मग मी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं (हे मी प्रत्येकीच्या बाबतीत करते, विचारल्याशिवाय एक शब्द जात नाही) आणि शेवटी तिनेच एक ओळ घालायला लावली, "रविवारी मोकळी असते." त्या रविवारपासून न्यू जर्सीतल्या मुली तिच्याकडे जायला लागल्या, एक जण लेकाला पार्कात घेऊन जायची म्हणजे हिला अभ्यासाला दोन तास मिळायचे.

नोकरीचं तर विचारूच नका. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, त्यात दुसरी शोधा नाहीतर बॅगा भरा, अशा वेळी लाजून महिनाभर गप्प बसणं परवडत नाही, म्हणून अशी बातमी कळली की मी तीन महिने थांबत नाही, तिला विचारून त्याच दिवशी सगळ्यांना कळवते.

आणि माझं स्वतःचं सांगायचं तर बाळंतपणाच्या वेळी आईच्या व्हिसाची अपॉइंटमेंटच मिळेना. माझी बिग तेलुगू, ती सॅन अँटोनिओहून तीन तास ड्राइव्ह करून आली, दोन दिवस राहिली, पप्पू (म्हणजे त्यांचं वरण) आणि रसमचे डबे फ्रीझरमध्ये रचून गेली, प्रत्येक डब्यावर टेप लावून तारीख. मी काही मागितलं नव्हतं, तिने ईमेलमध्ये वाचलं होतं. इथे ना मावशी जवळ ना आत्या, अडीनडीला धावून येणारी माणसं माझ्यासाठी हीच आहेत, आणि त्यांना एकमेकींचं कळत राहिलं तरच ती धावून येणार ना?

मावशीचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, लेकीला पण घालणार का त्यात? लेक आत्ता चौथीत आहे. पुढे तिचं ती ठरवेल, पण फी बरीच असते, आणि हेझिंगच्या, म्हणजे आपल्या रॅगिंगसारख्या छळाच्या, बातम्या मी पण वाचते, तेव्हा तिने नाव काढलंच तर आधी तिथल्या सिनिअर मुलींना मी घरी जेवायला बोलवीन आणि मगच काय ते सांगेन.