कोनाडा आणि शिअर वॉल

आमची सोसायटी शिवाजीनगरात, जंगली महाराज रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत. 1974 सालची, चार मजली, लिफ्ट नसलेली. शेजारच्या दोन सोसायट्यांचे प्लॉट आमच्याशी एकत्र झाले आणि पुनर्विकासात त्या जागेवर चोवीस मजली टॉवर उभा राहिला. त्या काळात मी सेक्रेटरी होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, बांधकामातलं काही कळत नव्हतं.

कागदपत्रांची वाट सगळ्यांचीच सारखी असते, म्हणून थोडक्यात सांगते. सहकार कायद्याच्या 79-ए खालच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे गेलो. बिल्डर निवडीच्या सभेला निबंधक कार्यालयाचे अधिकारी हजर होते आणि सगळ्या सभेचं चित्रीकरण झालं. लोहगाव विमानतळामुळे उंचीची ना-हरकत लागली. पाताळेश्वर लेणी संरक्षित स्मारक आहे. त्याच्या 100 मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही आणि पुढच्या 200 मीटरांत परवानगी घ्यावी लागते. आम्ही त्यापलीकडे आहोत, पण ते अंतर मोजून लेखी घेतलं. तोंडी शब्दावर काही सोडू नका.

सभासदांच्या बैठका कार्पेट एरिया, पार्किंग आणि भाडं यांवरच संपायच्या. इमारतीच्या हाडांबद्दल पहिला प्रश्न विचारला तो तळमजल्यावरच्या काकूंनी. वय वर्षं ब्याऐंशी. 1967 साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात होत्या, फळीवरची पितळी भांडी खाली आलेली त्यांनी पाहिली होती. "एवढ्या उंचावर तसा हादरा बसला तर?" त्यांनी इंजिनिअरसाहेबांना विचारलं. साहेबांनी नकाशा त्यांच्यासमोर पसरला. आमचं डिझाइन झालं तेव्हा पुणे भूकंप क्षेत्र 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होतं. लिफ्ट आणि जिन्याभोवतीचा काँक्रीटचा गाभा, आणि घराघरांतून तळापासून गच्चीपर्यंत सरळ जाणाऱ्या शिअर वॉल, हादरा आणि वारा या भिंती पेलतात. एवढ्या उंचीला नुसते कॉलम-बीम पुरत नाहीत.

मग अडचण काकूंचीच निघाली. त्यांना जुन्या घरासारखा देवाचा कोनाडा हवा होता, आणि त्यांनी दाखवलेली भिंत नेमकी शिअर वॉल. त्यात आमचं काम अॅल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये होतं. बहुतेक भिंती स्लॅबबरोबरच काँक्रीटच्या ओतल्या जातात, नंतर छिन्नी चालत नाही. स्विचचे पॉइंट, एसीची भोकं, सगळं आधी ठरवावं लागतं. साहेबांनी ड्रॉइंगवर पेन्सिलीने समोरच्या भिंतीवर चौकोन काढला. ती साधी ब्लॉकची, भार न घेणारी. "इथे करतो, काकू. त्या भिंतीला मात्र हात लावू देणार नाही." काकू म्हणाल्या, "मग तीच राहू दे तशी." हे असं नाही म्हणणारा माणूस मिळाला, तेव्हा माझा जीव पहिल्यांदा भांड्यात पडला.

खोदाईत मुरूम संपून काळा पाषाण लागला, राफ्टचं, म्हणजे इमारतीखालच्या अखंड पायाचं, काँक्रीट रात्रभर चाललं. तिथे खोळंबा झाला नाही. खरी परीक्षा नवव्या मजल्यावर आली.

प्रत्येक ओतकामाच्या वेळी 150 मिलिमीटरचे ठोकळे भरतात, त्यांना क्यूब म्हणतात. सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते दाबून फोडतात. मी दर शनिवारी साइटवर जाऊन क्यूबचे आकडे वहीत उतरवत असे. नवव्या मजल्याच्या भिंतींचं काँक्रीट एम-40, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी दर चौरस मिलिमीटरला 40 न्यूटन दाब सोसणारं, आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे कमी. साइटवर सांगितलं गेलं, "थोडंसंच आहे मॅडम, पुढे वाढेल." मी पुढचं काम थांबवण्याचं पत्र दिलं. त्या आठवड्यात मला किती फोन आले! भाड्याचे महिने संपत आलेत, तुम्हाला काय कळतं त्यातलं. बोलणारे माझेच शेजारी होते आणि त्यांची ओढाताण खरी होती. तरीही पत्र मागे घेतलं नाही, कारण वर अजून पंधरा मजले चढायचे होते.

काँक्रीटच्या भारतीय मानकात यावर वाट दिलेली आहे. भिंतीतून गोल नळकांड्यासारखे नमुने कापायचे, त्याला कोर कटिंग म्हणतात. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही नमुना 75 टक्क्यांखाली नको. म्हणजे आमच्यासाठी सरासरी 34 आणि किमान 30. तीन कोर निघाले. एक मी हातात घेतला. कापलेल्या बाजूवर खडीचे काळे तुकडे भिजलेल्या सुपारीसारखे दिसत होते. सरासरी 36 आली, सर्वांत कमी 33. बाहेरच्या इंजिनिअरने हिशेब पुन्हा तपासून सही केली, तेव्हा काम सुरू झालं. दहा दिवस गेले.

यंदाच्या वार्षिक सभेत मी पद सोडलं. क्यूबची वही, कोरचा रिपोर्ट आणि प्रत्येक घरातल्या शिअर वॉल लाल रंगाने दाखवलेली ड्रॉइंग नव्या सेक्रेटरींच्या हवाली केली, कपाटाच्या किल्लीसकट. दुसऱ्याच दिवशी सतराव्या मजल्यावरून स्वयंपाकघर मोठं करायचा अर्ज आला. नव्या सेक्रेटरींनी तीच ड्रॉइंग उघडली.