गम नसलेलं नारळाचं दूध: सहा आठवडे झाले, आता एकेक गम परत

सहा आठवडे गम, म्हणजे डब्यातलं दूध घट्ट आणि एकजीव राहावं म्हणून घालतात ते पदार्थ, पूर्ण बंद होते, गेल्या काही आठवड्यांपासून एकेक परत घालून बघतेय, म्हणून आत्तापर्यंतचं सगळं एका जागी लिहून ठेवते. सुरुवात अशी झाली की डाएटिशियन म्हणाल्या पोट शांत होईपर्यंत गम आणि इमल्सिफायर सगळं बाजूला ठेवा, आणि मला साधं दूध चालतच नाही त्यामुळे माझं सगळं नारळाच्या दुधावर चाललेलं. त्या दिवशी कपाटातले चार डबे काढून लेबलं वाचली तर चारही डब्यांत गवार गम, आणि दोनांवर तर नावही नाही, नुसतं स्टॅबिलायझर 412.

तर पहिलं काम आकडे पाठ करणं. 412 गवार गम, 415 झँथन, 410 लोकस्ट बीन, 418 जेलन, 407 कॅराजीनन, 466 म्हणजे सीएमसी (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज), 435 पॉलिसॉर्बेट 60. हे सगळे एकाच जातीचे नाहीत हे कळायला मला वेळ लागला. गवार गम हा भाजीच्या गवारीच्याच बियांचा, लोकस्ट बीनही बियांचाच, कॅराजीनन समुद्रातल्या लाल शेवाळाचा, झँथन आणि जेलन बॅक्टेरियाकडून साखर आंबवून बनवतात, आणि पॉलिसॉर्बेट तर गमच नाही, तो इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा. म्हणून कोणी "मला गम चालत नाही" म्हटलं की मी आता पहिलं विचारते, कुठला?

मुळात हे घालतात कशाला, तर नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब, आणि ते थेंब वेगळे धरून ठेवायला नारळातलं थोडंसं प्रोटीन असतं, ते पुरत नाही. काही तासांत वर साय, खाली पाणी. लोकांना वाटतं डबा खराब झाला, म्हणून कंपन्या गम घालतात. माझ्याकडचा पहिला नुसता नारळ-पाणीवाला डबा मी रात्रभर फ्रिजमध्ये उभा ठेवून सकाळी उघडला, वर दोन बोटं घट्ट पांढरा थर, चमचा रोवला तर उभा राहिला, आणि खाली जरा करडं गढूळ पाणी. मला फार आनंद झाला ते बघून! नारळाचं तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे थंडीत हे असं होणारच, कोमट करून हलवलं की परत एक होतं. पण उलटं खरं नाही हं, म्हणजे दूध एकजीव दिसतंय म्हणून त्यात गम आहेच असं नाही, नुसतं जोरात होमोजिनाइझ केलेलं, म्हणजे दाबाने तेलाचे थेंब अगदी बारीक केलेलंही बराच काळ एकजीव राहतं. म्हणजे डबा कानाशी धरून हलवून बघायचा प्रकार सोडा आणि घटकांची यादी वाचा.

यादीनंतर मी बघते 100 मिलीमागे फॅट किती. नारळ 60 टक्के की 80 टक्के या आकड्यावर मी विसंबत नाही कारण तो अर्क मुळात किती पातळ होता ते कळत नाही. कोडेक्सच्या (खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या) 2003 च्या मानकाप्रमाणे नारळाच्या दुधात फॅट किमान 10 टक्के, क्रीममध्ये 20, आणि लाइटमध्ये किमान 5. प्यायचं म्हणून कार्टनमध्ये जे मिळतं ते बहुतेक पाणीच, आणि पाणी जाड भासवायचं म्हणून गमही तिथेच जास्त प्रकारचे.

दोन ठिकाणी मी फसले ती सांगते. एक, नारळाच्या दुधाची पावडर. गम नाही म्हणून आणली, घरी येऊन नीट वाचलं तर सोडियम केसिनेट, म्हणजे जनावराच्या दुधातलं प्रोटीन! ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी पावडरीचं लेबल दोनदा वाचा प्लीज, हे खूप पावडरींमध्ये असतं. दुसरं, घरी दूध काढायला आणलेला सुका खोबऱ्याचा कीस, त्यात 223, म्हणजे सल्फाइट, पांढरा राहावा म्हणून. दम्यावाल्यांना ते त्रासदायक ठरू शकतं.

त्यामुळे शेवटी घरचंच दूध काढायला लागले. दोन वाट्या ओला खवलेला नारळ, दीड वाटी गरम पाणी, हात लावता येईल इतपत गरम, उकळतं नाही, दोन मिनिटं मिक्सर आणि मग मलमलच्या कापडात पिळायचं. पिळताना कापड पीळ देत देत आवळायचं, मुठीत नुसतं दाबलं तर अर्धं दूध चोथ्यातच राहतं, मी पहिले आठ दिवस तेच करत होते. फ्रिजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी मला वास बदललेला वाटतो. फ्रीझ केलं तर चालतं पण सुटल्यावर फुटल्यासारखं दिसतं, ब्लेंडर फिरवला की बरंचसं जुळतं. आणि गम नसलेलं दूध खळखळून उकळू नका, 80 अंशांच्या आसपास त्यातलं प्रोटीन आवळायला लागतं आणि तेल सुटतं, मी आता गॅस बारीक करून शेवटी घालते आणि आंबट काही असेल तर ते उतरवल्यावर.

आता परत घालायची गोष्ट. घरचं एकच दूध दोन बरण्यांत, एकीत 200 मिलीला पाव चमचा गवार गम, दुसरीत काही नाही, नवऱ्याने झाकणाखाली खूण केली म्हणजे मला कळू नये. पहिला प्रयत्न वाया गेला कारण गमवाली बरणी उघडताच कळली, दूध चमच्यावरून तारेसारखं पडत होतं आणि वर गाठी. गम पाण्यात थेट टाकला की बाहेरून फुगतो आणि आत कोरडा राहतो, आधी चमचाभर जाड साईत घोटून मग दूध घालायचं असतं. दुसऱ्या वेळी केळ्याच्या स्मूदीत मिसळून प्यायले, तीन दिवस एक बरणी, चार दिवस मध्ये मोकळे, मग दुसरी. गवारवाल्या तिन्ही दिवशी संध्याकाळी पोट फुगलं, बिनगमवाल्या तीन दिवसांत एकदाही नाही. तशीच झँथनची फेरी केली, काहीही झालं नाही.

एकटीच्या पोटावरून नियम निघत नाही हे मला माहितीये, पण असा फरक पडू शकतो. गवार गम मोठ्या आतड्यात सहज आंबतो, गॅस त्यातूनच येतो. झँथन पचवणारे बॅक्टेरिया मोजकेच, 2022 च्या एका संशोधनात त्याचं मुख्य काम करणारा एकच बॅक्टेरिया सापडला होता. सीएमसीने आतड्याला सूज येते अशी जी भीती घातली जाते त्यात 2015 चा उंदरांवरचा प्रयोग असतो, आणि 2022 ला माणसांवर झाला त्यात रोज 15 ग्रॅम दिलं होतं, जे डब्यातल्या दुधातून येणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त.

कोणत्या डाएटवर आहात त्यावरही खूप आहे. एससीडी (स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट) वाल्यांना सगळे गम बंद, तिथे चर्चाच नाही. लो-फॉडमॅपवर, म्हणजे पोटात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी ठेवायच्या डाएटवर, गमपेक्षा एका वेळी किती दूध घेताय ते बघा. ग्लुटेनमुळे गहू सोडलेल्यांना तर झँथनच पीठ बांधून देतो, त्यांनी उगाच घाबरून सोडू नये, फक्त मक्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर तो कुठल्या साखरेवर वाढवलाय ते कंपनीला विचारून घ्या.

पुढची फेरी लोकस्ट बीनची. तो गार दुधात नीट विरघळत नाही, गरम करावं लागतं, म्हणून दोन्ही बरण्या सारख्याच गरम करून मग गार करणारे, नाहीतर चवीवरून मला लगेच कळेल. सोमवारपासून सुरू.