पळसाच्या दिवसांतला वाढदिवस

मार्चमधल्या वाढदिवसाला फुलांची सजावट करायची तर मोबाइलवरचे गुलाबी-जांभळे फोटो आधी बाजूला ठेवते. तेव्हा शेवंती सरत आलेली असते आणि गुलाबाच्या पाकळ्या उन्हात दुपारीच काळ्या पडतात. हाताशी राहतो पळस, आणि तालुक्याच्या बाजारातला गेंदा, म्हणजे झेंडू. तेवढ्यात पंचवीस पोट्ट्यांचा कार्यक्रम मस्त निघतो.

गेंदा तीन किलो पुरतो. मध्यम फुलं किलोत दीडशेच्या आसपास भरतात आणि सलग ओवली की किलोमागे चारेक मीटर माळ होते. दाराला पाच मीटर, उरलेली पाटामागच्या भिंतीला. फुलं आदल्या संध्याकाळी आणायची, पण प्लास्टिकच्या पिशवीत पाणी मारून ठेवायची नाहीत. आत उबारा धरतो आणि सकाळपर्यंत खालचा थर सडतो. टोपलीत सुटी पसरून वर ओलं गोणपाट टाकलं की पुरे. माळ लावल्यावर तिच्यावर पाणी शिंपडायचं असेल तर खाली क्रेप पेपर नको, त्याचा रंग गळून भिंतीवर ओघळ येतात.

पळसाची फुलं झाडाखालची, सकाळी ऊन चढायच्या आत वेचलेली. त्यात मुंग्या असतातच, म्हणून अर्धा तास सावलीत चादरीवर पसरवते, मगच घरात. ही फुलं ओवण्यात हशील नाही, देठाशी तुटतात. पाटाभोवती रांगोळीसारखी मांडायची. मात्र कूलरचा झोत त्या बाजूला असला तर औक्षणाआधीच सगळं ओसरीभर होतं, त्यामुळे कूलरचं तोंड फिरवल्याशिवाय मांडायला बसायचं नाही. फुगे टिनाच्या शेडला टेकवले तर तापून फटाफट फुटतात, ते भिंतीलाच बांधायचे.

पोरं फुलं तोडून आणतात, तेव्हा एक गोष्ट आधीच बजावते. कण्हेर, गुलाबी असो की पिवळी, आणि धोतरा घरात आणायचा नाही, दोन्ही विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून तिचीही फुलं नकोत.

विकतच्या क्रीमच्या केकचा गाडीवर पंधरा-वीस किलोमीटर येईस्तोवर लगदा होतो. त्यापेक्षा सात सारख्या वाट्यांतला रवा केक बरा. एका गोलाभोवती त्याच मापाचे सहा गोल अगदी चिकटून बसतात, झालं फूल. प्रत्येकाचे चार तुकडे केले की अठ्ठावीस होतात.

केकच्याच वाटीने बारीक रवा अडीच वाट्या, दही सव्वा, साखर दीड, तेल अर्धी, दूध लागेल तसं सव्वा-दीड. अर्धा तास भिजू द्यायचं. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मीठ पसरून, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवायचं आणि तेल लावलेल्या वाट्या दोन घाण्यांत भाजायच्या, मंद आचेवर अर्धा तास. पीठही दोन वाटण्या करून ठेवायचं. बेकिंग पावडर एक छोटा चमचा आणि सोडा पाव चमचा त्या-त्या घाण्याच्या पिठातच, तोही वाट्या भरायच्या क्षणी. सगळ्यात एकदम घातला तर दुसऱ्या घाण्यापर्यंत बुडबुडे निघून जातात आणि केक दडस होतात. वाटी पाऊण भरली की वर सांडते, थोडी कमीच भरायची. मधला गोल पिवळा हवा म्हणून पिठात हळद टाकायचा मोह होतो, पण सोड्याने तिचे लाल डाग पडतात. पाक लावून वरून पिवळी बुंदी चिकटवायची.

आलुपोंगा (बटाट्याची भाजी आणि तळलेले पोंगे) आणि चिवड्याला पळसाच्या पानांचे द्रोण. मात्र फुलोऱ्याच्या दिवसांत झाडावर पान नसतं, द्रोण वाळलेलेच मिळतात. पाण्याचा हात मारून अर्धा तास दडपून ठेवले नाहीत तर टाक्यापाशी फाटतात.

जाताना द्यायला गेंद्याची रोपं. पंचवीस दिवस आधी चहाच्या कागदी कपात, तळाला भोक पाडून, दोन-दोन बिया. आठवड्याभरात उगवतात. पाच-सहा कप जास्तीचे लावायचे, कारण कोंबड्या काही ठेवत नाहीत.