विजयदुर्गचा कट्टा आणि काकांचं खरं

परवा काकांसोबत विजयदुर्गला गेलो, किल्ल्यावरच्या साहेबाच्या कट्ट्यावर हात ठेवून काका म्हणाले, हेलियम हयच गावला, १८६८ साली, लॉकियर सायबान इथूनच बघितला. कट्टा उन्हाने चटके देत होता, आणि काकांच्या डोळ्यांत पाणी.

मी म्हटलं काका, त्या १८ ऑगस्टच्या सूर्यग्रहणाला लॉकियर, तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ, भारतात नव्हताच ओ, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, लॉकियरने सूर्याच्या प्रकाशपटातली हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून बघितली, ग्रहण नसतानाच. विजयदुर्गला तो आला १८९८ च्या ग्रहणाला, तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला पृथ्वीवर हेलियम सापडून जवळजवळ तीन वर्षं झालेली.

काका म्हणाले, तुझा खरा तुझ्याकडे, माझा माझ्याकडे.

हे मला अजिबात पटत नाही. काकांना कट्ट्याजवळ जे वाटतं ते त्यांचं, त्याला मी कोण खोटं म्हणणार? पण लॉकियर त्या दिवशी कुठे होता हे माझ्या-तुमच्या वाटण्यावर नाही ना ठरत! आणि १८९८ ला तो खरंच इथे उभा होता, हे काय कमी आहे का? घरी आल्यावर काकांनी चहा घेताना हळूच विचारलं, अठ्याण्णवच ना रे?