धावताना हात रिकामे असतात

मैफल संपली की कुणी ना कुणी विचारतंच, "तबला वाजवणारा माणूस रोज सकाळी टेकडीवर धावतो कशासाठी?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी शरीराचं. विलंबित एकतालाच्या मात्रा १२, पण गायक खूप ठाय लयीत गात असेल तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिटाच्याही पुढे जातं. असा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, मांडी न मोडता अर्धा-पाऊण तास धरायचा. कंबर आखडते, पायांना मुंग्या येतात, जेवायला रात्रीचे अकरा वाजतात. धावायला लागल्यापासून माझी बैठक टिकते. शेवटच्या भैरवीलाही खांदे वर चढत नाहीत, आणि खांदे सैल असले तरच डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा भरून येतो. दिवाळी पहाटच्या कार्यक्रमांना अंधारात उठणंही आता जड जात नाही. मात्र धावल्यावर मांड्या आणि पोटऱ्या नीट ताणून घ्यायच्या, नाहीतर मांडी घालणंच अवघड होऊन बसतं.

पण मला खरं बोलायचंय ते पढंतीबद्दल, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणण्याबद्दल. धावताना मी कानात काही लावत नाही, बोल म्हणतो. ठेका म्हणताना धाप लागली तर वेग जास्त झाला, एवढं साधं माप. एका पावलाला एक मात्रा. तीनतालात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कायम एकाच पायावर पडते. झपताल, एकतालातही तेच. रूपकाच्या मात्रा ७, म्हणजे विषम, म्हणून सम एकदा उजव्यावर, पुढच्या आवर्तनात डाव्यावर. रूपकाचा तोल मला पायांनी शिकवला. चढावर लय पडू पाहते, उतारावर पळू पाहते. गायकाची तान सुरू झाली की ठेक्याचंही असंच होतं. अशा वेळी लय तीच ठेवायची आणि पाऊल आखूड करायचं.

आणि हात रिकामे असतात, ही तर मोठीच गोष्ट. 'धाधा तेटे धाधा तूना' हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे विस्तार करायची ठरलेली बोलरचना, बसून वाजवला की पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या उलटपालटी, ओळखीच्या वाटेनेच जातात, कारण बोटांना जे सोपं तेच आधी निघतं. जिभेला बोटांच्या अडचणी नसतात. ती 'तेटे' अशा जागी नेऊन ठेवते, जिथे माझा हात आपणहून कधीच गेला नसता. मग घरी येऊन त्याचा निकास, म्हणजे तो बोल हाताने काढायची पद्धत, शोधायचा. कधी आठवडे जातात, कधी नाद सोडावा लागतो. पण माझ्या एकल वादनातले मला सगळ्यात प्रिय पलटे असेच टेकडीवरून आलेत.

शिकणाऱ्या मुलांना मात्र बजावून सांगतो. पुण्यात मी धावतो त्या वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला मुरूम आहे, पाय घसरतो. तिथे मी चालतो, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो आणि मनगट गेलं तर महिनोन्‌महिने काम गेलं. मुठी आवळून धावू नका. मैफलीच्या दिवशी लांब पल्ला नको. आणि घामेजल्या हातांनी लगेच तबल्यावर बसू नका. तबल्याची कातडी पुडी ओल धरते, सूर उतरतो. आधी आंघोळ करा, मग सूर लावायला हातोडी घ्या.