चिपळूणच्या पुरानंतरचे आमचे चार दिवस

२१ जुलै २०२१ ला रात्रभर पाऊस थांबलाच नाही, लाईट गेलेली, आणि २२ ला पहाटे बाबांनी हाक मारली तेव्हा अंगणात घोटाभर पाणी. आम्हाला वाटलं नेहमीचंच, वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या आळीत येतंच. २००५ च्या पुराची खूण जिन्याच्या भिंतीवर आहे, तिच्यावर काय जाणार नाही म्हणून सगळं सामान त्या खुणेच्या वर रचत बसलो. ती खूण दुपारच्या आत बुडाली.

वरच्या मजल्यावरचे काका ओरडत होते, "सामान राहू दे रे, आधी सिलेंडर बघ!" तेव्हा राग आला, पण रेग्युलेटर काढला, टोपण लावलं आणि सिलेंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधून टाकला. नंतर वरून बघतो तर गल्लीतून लोकांचे सिलेंडर तरंगत चाललेले. फ्रीज पण तरंगतो बरं का, आमचा आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला. काकांनी अजून एक केलेलं, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाईनचा व्हॉल्व्ह पहाटेच बंद केलेला, त्यामुळे ती टाकी चांगली राहिली आणि आम्ही नऊ माणसं तेच पाणी उकळून प्यायलो. मोबाईल एकच चालू, बाकीचे बंद.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरायला लागलं. आम्ही म्हटलं पूर्ण उतरू दे मग जाऊ, तर काका म्हणाले गुडघ्याखाली आलं की लगेच खाली उतरायचं. कारण गाळ. पाणी आहे तोवर तो सैल असतो, खराट्याने ढवळायचा आणि उतरत्या पाण्याबरोबरच दाराबाहेर ढकलायचा. दोन खोल्या अशा केल्या, हात गळून गेले म्हणून मागची खोली उद्यावर टाकली आणि तिथेच फसलो. पाणी गेल्यावर तो गाळ असा बसला की फावड्याने कापून घमेल्याने बाहेर काढावा लागला, वर डिझेलचा वास, एका खोलीला दोन दिवस गेले.

कुठल्याही वस्तूला हात घालायच्या आधी काठीने हलवून बघायचं. आमच्या कपाटावर दिवड बसलेली, बिनविषारी असते माहितीय हो, पण त्या वेळी कोण बघतंय. बाबांच्या अंगठ्याला कापलं तसं आईने त्यांना वरच पाठवून दिलं, पुराच्या घाण पाण्यामुळे जखमेतून लेप्टोचा ताप होतो. आरोग्यवाले गोळ्या देऊन गेले त्या सगळ्यांनी घेतल्या. विहीर उपसून टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर टाकली तरी ते पाणी बरेच दिवस फक्त भांड्यांना. मेन स्विच तर वायरमन येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही, त्याने बोर्ड उघडले तर आतून चिखलच पडला.

आईला भिजलेल्या गाद्या आधी रस्त्यावर फेकायच्या होत्या, वासच तसा होता. मी म्हटलं थांब, फोटो काढू दे. फोन ११ टक्क्यांवर होता, तरी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, आडव्या फ्रीजचे काढले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा तेच दाखवले. समोरच्यांनी सगळं आधीच साफ करून टाकलेलं, त्यांना बिचाऱ्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले.

राहिले कागद. भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून सोडवायची घाई केली की फाटतात, रेशनकार्डाचं एक पान माझ्याच हातून तसं गेलं. मग आईने आधी वर्तमानपत्रात दाबून ठेवले, थोडे सुकल्यावर एकेक सोडवून जिन्यात दोरीवर चिमटे लावून टांगले. माझ्या बारावीच्या मार्कशीटला अजून तपकिरी कड आहे, परवा एका ठिकाणी कागदपत्रं तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "चहा सांडला का यावर?"