तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या कार्डावर नवा गेम

फोंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. कॉलेजं सुरू झाली की प्रश्न ठरलेला: "काका, माझ्याकडे १०५० टीआय आहे. हा नवा गेम चालेल?" १०५० टीआय म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावर गेमचं चित्र काढणारं. गेमचं नाव दर वर्षी बदलतं, कार्ड तेच.

जीटीएक्स १०५० टीआय आलं २०१६च्या ऑक्टोबरात. मेमरी ४ जीबी, वीज ७५ वॉट. बहुतेक मॉडेलांना वेगळी पॉवरची वायर लागत नाही, त्यामुळे ऑफिसातून निघालेल्या जुन्या पीसीतही ते बसतं. म्हणूनच अजून इतक्या घरांत टिकून आहे.

एल्डन रिंग हा गेम २०२२चा. तो किमान जीटीएक्स १०६० मागतो, म्हणजे याच्या वरचं कार्ड. तरी भाच्याच्या १०५० टीआयवर लावून बघितला. सगळी सेटिंग लो, सेकंदाला चित्रं (फ्रेम) तीसच्या आसपास, माळावर घोडा दौडवला की मध्येच अडखळायचा. पोराला चाललं. मला विचारू नका, मी पत्ते खेळणारा माणूस.

डिसेंबर २०२४ला आलेल्या इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलची गोष्ट वेगळी. त्याला रे ट्रेसिंगचं, म्हणजे उजेड-सावलीचा खराखुरा हिशोब करणारं हार्डवेअरच हवं, किमान आरटीएक्स २०६० सुपर. ते १०५० टीआयमध्ये नाहीच. तिथे सेटिंग उतरवून भागत नाही. म्हातारा बैल हळू का होईना, नांगर ओढतो. त्याला माडावर चढ म्हटलं तर?

तेव्हा गेमच्या किमान गरजा वाचताना आधी रे ट्रेसिंग शोधा, मग मेमरीचा आकडा. कार्डाची ४ जीबी भरली की टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या भिंती-जमिनींवरची चित्रं, कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातात आणि गेम गचके खातो. म्हणून टेक्श्चर पहिल्यांदा खाली करा. गेममध्ये एफएसआर (चित्र लहान काढून मोठं करून दाखवायची सोय) असेल तर लावा, ते जुन्या कार्डावरही चालतं. तशाच कामाच्या डीएलएसएसला मात्र आरटीएक्स कार्ड लागतं. आणि हो, १०५० टीआयच्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५पर्यंतच मिळाले. आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही ऑक्टोबर २०२८पर्यंत.

पण कार्डाला शिव्या घालण्याआधी ते उघडून बघा. गेल्या श्रावणात एक पोरगा कार्ड पिशवीत घालून घेऊन आला, "गेम आधी चालायचा, आता रडतो." आमच्या हवेत धूळ सुकी राहत नाही. पंख्याच्या पात्यांवर तिचा काळा चिखल बसला होता, स्क्रू गंजलेले, चिपवरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी भुगा झालेली. असं तापलं की कार्ड स्वतःच आपला वेग कमी करतं. ब्रशने साफ केलं, नवी पेस्ट लावली, कार्ड जिथे खाचेत बसतं त्या सोनेरी पट्टीवरून खोडरबर फिरवला. तापमान ८६ अंशांवरून ७० वर आलं.

"मग नवीन कार्ड नको?" त्याने विचारलं. बाप शेजारीच उभा होता.

"चतुर्थी होऊन जाऊ दे," मी म्हटलं.